मागून धडक बसली की "काही झालं नाही" म्हणायची घाई करू नका

मागून कुणी गाडी ठोकली की बहुतेकांच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, "जाऊ द्या, काही झालं नाही." ठोकणारा ओशाळून माफी मागत असतो, मागे हॉर्न वाजत असतात, आपल्यालाही तिथून निघायचं असतं. तरीही माझं ठाम मत आहे की हे वाक्य त्या वेळी बोलूच नये. मोठ्या मनाने माफ जरूर करा, पण मानेला काय झालंय आणि गाडीला काय झालंय, यातलं काहीच तेव्हा आपल्याला ठाऊक नसतं.

आधी मानेचं सांगते. मागून धक्का बसला की सीट पाठीला पुढे ढकलते आणि डोकं क्षणभर मागेच राहतं. मानेचे खालचे मणके एका दिशेला वाकतात, वरचे उलट दिशेला. सेकंदाच्या जेमतेम दहाव्या भागात हे घडून जातं, स्नायूंनी मान सावरून धरायच्या आत. यातून होणाऱ्या दुखापतीला व्हिपलॅश म्हणतात. ती फसवी असते. अनेकांना दुखणं काही तासांनी जाणवतं, काहींना थेट दुसऱ्या दिवशी.

माझी मोठी बहीण सिग्नलला थांबलेली असताना तिला असाच धक्का बसला. बंपरवर एक ओरखडा, एवढंच दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उशीवरून डोकं उचलायला तिला दोन्ही हातांचा आधार घ्यावा लागला. ठोकणाऱ्याचा फोन नंबरही तिच्याकडे नव्हता. "अगं, इतके घाबरले होते बिचारे, नंबर कुठे मागत बसू?" पुढचे उपचार, सुट्ट्या, गाडीचं काम, सगळं तिच्याच गळ्यात पडलं. मला फार वाईट वाटलं.

बायकांना व्हिपलॅश पुरुषांपेक्षा जास्त होतो, हे अनेक अभ्यासांत दिसून आलंय. तरी मागच्या धडकेच्या चाचण्यांत सीटवर बसवला जाणारा पुतळा वर्षानुवर्षं सरासरी पुरुषाच्या बांध्याचाच राहिला. स्वीडनमधल्या व्हीटीआय या संशोधन संस्थेतल्या अॅस्ट्रिड लिंडर आणि सहकाऱ्यांनी सरासरी बाईच्या बांध्याचा पुतळा जगासमोर आणला तो २०२२ साली. इतका उशीर का व्हावा? याची मला खरोखर चीड येते.

आता प्रत्यक्ष रस्त्यावर काय करायचं ते. गाडी थांबवा, हॅझर्ड लाइट लावा, गाडीतल्या प्रत्येकाला नावाने हाक मारून विचारा. कुणाची मान जोरात दुखत असेल किंवा हातापायांत मुंग्या येत असतील, तर त्याला ओढून बाहेर काढू नका. धूर किंवा आग असेल तरच काढा, नाहीतर अॅम्ब्युलन्स बोलवा. आणि एक गोष्ट हात जोडून सांगते: दोन गाड्यांच्या मध्ये उभं राहू नका. डिकी बघायला लोक नेमके तिथेच वाकतात. तेवढ्यात तिसरी गाडी येऊन आदळली तर पाय मध्ये सापडतात. वेगवान रस्त्यावर तर गाडीपासून लांब, कठड्यापलीकडे जाऊन थांबा.

धोका नसेल तर गाड्या हलवण्याआधी फोटो काढा. पहिला लांबून, दोन्ही गाड्या, लेन आणि सिग्नल एकाच चौकटीत येतील असा. मग नंबर प्लेट, जिथे लागलंय ती जागा, रस्त्यावरच्या काचा, टायरच्या खुणा. समोरच्याचं लायसन्स, गाडीची कागदपत्रं आणि विम्याचा कागद यांचेही फोटो घ्या. आसपास कुणी पाहिलं असेल तर त्यांचा नंबर मागून घ्या. डॅशकॅम असेल तर चित्रण त्याच दिवशी वेगळं साठवा, नाहीतर नवं जुन्यावर चढतं. एकामागोमाग तीन-चार गाड्या आदळल्या असतील तर आपल्याला धक्का एक बसला की दोन, आणि पुढच्या गाडीवर आपण आधी गेलो की ढकलले गेलो, हे लगेच लिहून ठेवा. पुढे चूक कुणाची यावर वाद झाला तर हीच बाब कामी येते.

जागच्या जागी पैसे घेऊन मिटवायला माझा विरोध आहे. बंपरचं वरचं कवच प्लास्टिकचं असतं, दबून परत जागेवर येतं. आतला फोम आणि धातूची पट्टी मात्र चेपलेली राहू शकते. डिकीतली चटई उचलून बघा, स्टेपनीच्या खोलगट जागेतल्या पत्र्याला सुरकुत्या दिसल्या तर मार आतपर्यंत गेलाय. डिकी लावताना अडते का, दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या आहेत का, सीटची पाठ हलते का, तेही पाहा. काही गाड्यांत बंपरमागे रडार असतं, ते जरा सरकलं तरी चुकीचं दाखवू शकतं. एअरबॅग उघडली नाही म्हणून मार किरकोळ समजू नका, समोरच्या एअरबॅग मुळात समोरून बसणाऱ्या धडकेसाठी असतात. लहान मुलाची सीट गाडीत असेल तर ती बदलायची का, हे ती बनवणाऱ्या कंपनीच्या पुस्तिकेत बघा.

विमा कंपनीला लगेच कळवा आणि त्यांनी पाहणी केल्याशिवाय काम सुरू करू नका. कुणी जखमी असेल तर पोलिसांना कळवायलाच हवं.

डॉक्टरांकडे गेलात की धडक मागून बसली, हे आवर्जून सांगा. हातात मुंग्या, बळ कमी होणं, मानेच्या मधल्या हाडावर दाबल्यावर दुखणं, उलट्या, गोंधळल्यासारखं वाटणं, यातलं काहीही असेल तर थांबू नका. वय पासष्ट किंवा जास्त असेल तर काही जाणवत नसलं तरी जा. गंभीर इजा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं की मग मात्र मानेला पट्टा बांधून दिवसेंदिवस पडून राहू नका. कॅनडातल्या क्विबेक प्रांतात व्हिपलॅशचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञगटाने १९९५ मध्येच लवकर हालचाल सुरू करण्यावर भर दिला होता, आणि आजही सल्ला तोच मिळतो. ताईलाही फिजिओथेरपिस्टने मान हळूहळू वळवायचे व्यायाम दिले, त्यानेच तिला उतार पडला.

तिची मान बरी झाली तरी सिग्नलला थांबलं की आरशात मागची गाडी जवळ येताना पाहून तिचे हात स्टिअरिंगवर घट्ट आवळायचे. हे तिने कितीतरी दिवस कुणाला सांगितलंच नाही. अशी भीती बसते, तीही दुखापतच आहे. डॉक्टरांना मानेबद्दल सांगाल तेव्हा हेही सांगा.