माळरान मोडून काढण्याची सोपी रीत

मराठवाड्यातल्या काही माळांवर अजूनही पवना, मारवेल आणि कुसळी उगवते आणि त्या गवताच्या आधाराने मेंढ्यांचे कळप, काळविटे आणि चंडोल बिनदिक्कत जगतात, ही आपल्यासारख्या विकासप्रेमी मंडळींना शोभणारी गोष्ट नव्हे. परमुलखातून आलेल्या झाडाझुडपांना आपण आजवर जो उदार आश्रय दिला, तो पाहता हे उरलेसुरले माळही फार काळ तग धरतील असे वाटत नाही. तरीही ज्या गावांत हे काम रेंगाळले आहे, त्यांच्या सोयीसाठी काही सूचना येथे देत आहे.

आरंभ गाजर गवतापासून करावा, कारण त्याला आपल्याकडून सवडीखेरीज काहीच लागत नाही आणि सवड देण्यात आपला हात धरणारा कोणी नाही. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आलेले हे मूळ अमेरिकेतले तण आज औंढ्यापासून उमरग्यापर्यंत प्रत्येक पडीक प्लॉटवर, रेल्वेच्या कडेला आणि शाळेच्या मैदानात सुखाने नांदत आहे. पहिल्या पावसानंतर ते कोवळे असते, जमीन ओली असते आणि मुळासकट सहज उपटून येते; नेमके त्याच दिवसांत त्याच्याकडे पाठ फिरवावी. महिना-दीड महिन्यात पांढरी फुले डोलू लागली, एकेका झाडावर हजारो बिया भरल्या, की मग गाजे-वाजे करून स्वच्छता मोहीम काढावी आणि उपटलेला ढीग उकिरड्यावर टाकावा, म्हणजे पुढच्या वर्षी शेणखताच्या ट्रॉलीबरोबर ते बी आपोआप शेतात पोहोचते. परभणीच्या कृषी विद्यापीठाकडून हे तण खाणारे मेक्सिकन भुंगे आणून सोडण्याचा आग्रह कोणी धरलाच, तर जरूर सोडावेत. मात्र आठवड्याभरात त्याच जागी तणनाशक फवारून त्यांच्या तोंडचा घास काढून घ्यावा. हातांवर पुरळ उठले आणि रात्रभर खाज सुटली, तर ती हवापालटाने आली असे समजून मलम लावावे.

गोदावरीत जलपर्णी हवी असेल, तर नदीत सांडपाणी सोडत राहावे. बाकी ती पाहून घेते.

शेततळ्यात मात्र बंदी असलेला विदेशी मांगूर मासाच सोडावा, म्हणजे पुरात तो ओढ्याला लागेल आणि आपल्या मरळीची पिल्ले फस्त करील.

परंतु या सर्वांपेक्षा खात्रीचा आणि प्रतिष्ठेचा मार्ग म्हणजे वृक्षारोपण. त्यासाठी गावाचे गायरान निवडावे. सरकारी कागदावर ते ‘पडीक’ असते आणि तिथे गवताखेरीज काही दिसत नाही, ही आपल्या दृष्टीने फारच मोठी उणीव आहे. आमच्या शेताला लागून असलेल्या गायरानावर यंदा हा विधी यथासांग पार पडला. प्रथम जेसीबी आला. त्याने बोरी, हिवर आणि गावठी बाभळी ‘झुडपे’ म्हणून उखडून एका कडेला लोटल्या. त्या बाभळीच्या शेंगांवर उन्हाळ्यात शेळ्या तगतात, ही बाब बहुधा अंदाजपत्रकात बसत नसावी. मग मारवेलीच्या गाद्या फाडून सरळ रांगेत खड्डे घेतले गेले आणि त्यांत रोपवाटिकेतून आलेली परदेशी सुबाभूळ आणि गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावले गेले, कारण ती लवकर वाढतात, आणि लवकर वाढणे ही आपल्याकडे झाडाची एकमेव पात्रता ठरली आहे. फलक लागला, फोटो निघाला, गाड्या गेल्या. २०१९ मध्ये राज्याने एका पावसाळ्यात ३३ कोटी रोपांचा संकल्प सोडला होता. त्या मानाने आमचे गायरान म्हणजे किरकोळ हिशेब.

याचा फायदा पुढे कळतो. रोपे बहुतेक मेलीच, पण सुबाभूळ जिथे जगते तिथे शेंगा झाडून खाली इतकी दाट रोपे उभी करते की त्या सावलीत गवत धरत नाही. तिचा पाला खायला जनावरे तयार असतात, पण त्यात मिमोसिन नावाचे विषारी द्रव्य असते आणि घोड्यासारख्या रवंथ न करणाऱ्या जनावराने तो अति खाल्ला तर केस गळतात. गिरिपुष्पाची साल आणि बिया मध्य अमेरिकेत उंदरांसाठी विष म्हणून वापरतात. शेताच्या धुऱ्यावर हिरवळीच्या खतासाठी ते लावावे, त्याला माझी हरकत नाही. पण गवताच्या माळावर त्याचे काय काम? मुरमाड जमिनीवर पडलेला पाऊस अडवून धरण्याचे काम त्या गवताची मुळे पिढ्यान्‌पिढ्या करत होती. टिटवी आणि चंडोल झाडावर घरटे करत नाहीत, उघड्या मातीत अंडी घालतात. त्यांना झाडे लावून द्यायची म्हणजे त्यांचे घर पाडून त्यावर पत्रा टाकण्यासारखे आहे. आणि धनगर? त्याला कोणी विचारले का? वाडे, म्हणजे बिऱ्हाड आणि कळप, घेऊन तो दरवर्षी याच वाटेने येतो, त्याच्या मेंढ्या याच माळावर बसतात, आणि आता तिथे तारेचे कुंपण आहे.

कुणाकुणाला दोष द्यायचा? जेसीबीवाल्याला भाडे मिळाले, कंत्राटदाराला बिल मिळाले, साहेबांना फोटो मिळाला, आणि आम्ही गावकरी टाळ्या वाजवायला उभे होतो. त्यात मी म्हणतो शरम वाटली पाहिजे! माळाला ओसाड म्हणता, आणि त्यावर उगवणाऱ्या चार गवतांची नावे तुम्हाला सांगता येत नाहीत. वेड्या बाभळीने ओढे गिळले, घाणेरीने डोंगर गिळले, तरी नवी पाहुणी रोपे आणण्याची हौस फिटत नाही.

गायरानावरचे रिकामे खड्डे बुजवा. कुंपण काढा आणि मेंढ्यांना आत येऊ द्या. ज्यांना झाडे लावायचीच आहेत त्यांनी ती ओढ्याकाठी, शाळेत, बसस्टँडवर लावावीत, आणि कडुलिंब, करंज, पळस, बोर असे इथलेच काही लावावे. आणि पुढच्या वर्षी जेसीबी आला, तर फोटोसाठी पुढे सरसावण्याऐवजी त्याच्या आडवे उभे राहावे.