लघवीतली साखर म्हणजे किडनीचा नाश नव्हे

सिडकोपासून गंगापूर रोडपर्यंत नाशिकच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर लघवीच्या एका रिपोर्टचा फोटो फिरतो आहे. त्यात साखरेपुढे चार अधिक चिन्हे आहेत आणि खाली तीन दावे: मधुमेहाच्या नव्या गोळ्यांनी किडनी खराब होते, लघवीतून प्रथिने जातात ती या गोळ्यांमुळेच, आणि रक्तातील क्रिएटिनिन (किडनी गाळून लघवीत टाकते तो टाकाऊ पदार्थ) वाढताच गोळी बंद करावी. वजन जास्त असलेल्या एखाद्या मधुमेही माणसाने हे वाचून औषध सोडले, तर नुकसान त्याचेच आहे.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्यांचे कामच मुळी लघवीवाटे साखर बाहेर टाकण्याचे आहे. किडनीने गाळलेली बहुतेक साखर पुन्हा रक्तात घेणाऱ्या एसजीएलटी-२ या प्रथिनाला त्या अडवतात. त्यामुळे रक्तातील साखर आटोक्यात असली तरी तपासणीपट्टीवरचा साखरेचा चौकोन तपकिरी होतो. तो रंग गोळी काम करत असल्याची खूण आहे. मात्र गोळी चालू असेपर्यंत त्या चौकोनावरून मधुमेहाचे नियंत्रण जोखता येत नाही. त्यासाठी रक्तच तपासावे लागते.

दुसरा दावा तर वस्तुस्थितीच्या नेमका उलट आहे, आणि म्हणून सर्वांत घातक. लठ्ठपणात किडनीवर गाळण्याचा भार वाढतो, तिच्या सूक्ष्म गाळण्यांमधील दाब चढतो आणि मधुमेहाची भर पडली की अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन लघवीत झिरपू लागते. लघवीत दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक अल्ब्युमिन पुन्हा पुन्हा आढळणे हा किडनीच्या आजाराचा इशारा समजला जातो. या गोळ्या तोच दाब उतरवतात आणि अल्ब्युमिनही कमी करतात. लघवीतून अल्ब्युमिन जाणाऱ्या टाइप २ मधुमेहींवरील क्रेडेन्स चाचणीत (२०१९) याच गटातल्या कॅनाग्लिफ्लोझिनमुळे किडनी निकामी होण्यासारख्या गंभीर परिणामांचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी घटला. वजनही उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइड या वेगळ्या गटातल्या मधुमेहाच्या औषधाच्या फ्लो चाचणीत (२०२४) अशीच घट २४ टक्के होती.

दाब उतरल्याने सुरुवातीच्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडे वाढते, हे डॉक्टरांना ठाऊक असते. वाढ फार असेल तर काय करायचे, हेही त्यांनीच ठरवावे.

ज्या धोक्याबद्दल खरोखर सावध करायला हवे होते, त्याविषयी संदेशात अवाक्षर नाही. एसजीएलटी-२ अडवणारी गोळी घेऊन कडक उपवास केला, किंवा उलट्या होत असताना ती चालूच ठेवली, तर शरीरात कीटोन (चरबी जाळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) साचून जिवावर बेतू शकते, आणि तेव्हा रक्तातील साखर फारशी वाढलेली नसल्याने ते लक्षातही येत नाही. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी उपाशीपोटी ब्रह्मगिरीच्या फेरीला जाणाऱ्यांनी ही गोळी किती दिवस आधी थांबवायची, हे आपल्या डॉक्टरांना आवर्जून विचारावे.