परकायाप्रवेश, पण लॉस एंजेलिसमधला

काल रात्री लेकीसोबत परत 'द हिडन' बघितला. १९८७ चा पिक्चर, दिग्दर्शक जॅक शोल्डर. पहिल्यांदा बघितला तेव्हा आम्ही सदाशिव पेठेत राहायचो, व्हीसीआर भाड्याने आणलेला आणि कॅसेट इतकी घासलेली की स्क्रीनवर सारखे पांढरे पट्टे सरकायचे, त्यामुळे डोक्यात राहिला तो फक्त सुरुवातीचा बँकेवरचा दरोडा आणि फेरारीचा पाठलाग.

गोष्ट साधी आहे. परग्रहावरचा एक किडा माणसाच्या तोंडातून आत शिरतो, त्याला फेरारी, कर्कश गाणी आणि हवं ते आत्ताच्या आत्ता पाहिजे, एक शरीर निकामी झालं की तोंडातून बाहेर पडून पुढच्याच्या तोंडात. मागावर दोघं, पोलीस टॉम बेक आणि एफबीआयचा म्हणून आलेला लॉइड गॅलॅगर (काइल मॅक्लॉक्लन, काय काम केलंय!). दोघांचं कशात म्हणजे कशात जमत नाही.

लोक याला गोळीबाराचा पिक्चर म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. माझ्यासाठी खरा पिक्चर बेकच्या घरी आहे. गॅलॅगर तिथे जेवायला येतो, पाण्यात विरघळवायची गोळी सरळ चावून खातो, आणि बेकची छोटी मुलगी त्याच्याकडे नुसती टक लावून बघत राहते. तिला कळलेलं असतं.

(पुढे शेवट सांगतोय, बघायचा असेल तर इथेच थांबा.)

लहानपणी आजी शंकराचार्यांची गोष्ट सांगायची, मेलेल्या अमरुक राजाच्या देहात ते गेले आणि शिष्य त्यांचा मूळ देह राखत बसले. ते काही काळापुरतं जाणं होतं, परत यायचं होतं. पिक्चरमधला किडा शरीर वापरतो आणि फेकतो. आणि गॅलॅगर, तोही परग्रहावरचाच, तोही दुसऱ्याच्या शरीरात, पण हॉस्पिटलमध्ये बेक मरायला टेकलेला असताना तो आपला सगळा जीव त्याच्यात ओततो. क्रिया तीच हो, एक ओरबाडतो आणि एक देऊन टाकतो. इतका साधा फरक इतक्या नीट दाखवलेला मी दुसरीकडे बघितला नाही.

मग बेक डोळे उघडतो, बायको रडतेय, आणि ती मुलगी मागे सरकते. बघत राहते. आणि मग हात पुढे करते.

लेकीने तिथे पॉज केलं. म्हणाली, बाबा, मुलीने स्वीकारलं ना, मग झालं की. मी म्हटलं, आणि बायको? तिला कोणी विचारलं? रात्री दीडपर्यंत वाद चालला आमचा. मी अजून त्याच मतावर आहे, बेकच्या देहात आता आपण आहोत हे गॅलॅगरने तिला सांगायला पाहिजे.