त्यांची बाजू विचारल्याशिवाय पाकीट जायचं नाही

सकाळी पेपर उघडला आणि डोकंच सटकलं. आमच्या परवाच्या ग्रामसभेची बातमी, हेडिंग काय तर 'ग्रामस्थांचा पाठिंबा'! अरे मी स्वतः बसलेलो तिथे. बायाबापड्या दोन तास नको नको म्हणून ओरडत होत्या, ठराव विरोधात झाला, त्याची एक ओळ नाही. आणि खालीच साहेबांच्या वाढदिवसाची अर्धं पान जाहिरात.

आमचे बाबा वार्ताहर. बातमीचं पाकीट संध्याकाळच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायचं काम माझं. एकदा नळपाणी योजनेवरून सरपंचांच्या विरोधात बातमी होती, सरपंच बाहेर गेलेले, तर बाबा त्यांच्याच ओटीवर बसून राहिले. त्यांची बाजू विचारल्याशिवाय पाकीट जायचं नाही म्हणाले. एसटी गेली. आणि दोघांचं एकमेकांशी धड बोलणं पण नव्हतं!

बाळशास्त्री जांभेकर आपल्या पोंभुर्ल्याचे, ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' हा पहिला मराठी पेपर सुरू केला म्हणून दरवर्षी हार घालायचे, भाषणं ठोकायची, आणि बातमी छापायची ही असली? ६ फेब्रुवारी २०२३ ला राजापुरात पत्रकार शशिकांत वारिशेंना गाडीखाली चिरडलं, त्यांनी लिहिलेली बातमी त्याच दिवशी छापून आलेली. पत्रकारावर हल्ला केला तर तीन वर्षांपर्यंत कैद हा कायदा २०१७ लाच विधिमंडळात झालेला, तरी हे झालं. बरं, मारलं तर निदान कायदा आहे. वरती ऑफिसात बसून बातमीच कापली तर कुठलं कलम लावायचं? घटनेच्या १९(१)(क) मध्ये प्रेस हा शब्दसुद्धा नाही, बोलायचा हक्क नागरिकाचा आहे, पेपरवाल्यांना तो त्यातूनच मिळतो. म्हणजे कापलं ते आमचंच बोलणं ना!

मान्य, पाच रुपयांत पेपर निघत नाही, जाहिरात लागते. पण म्हणून ठराव उलटा छापायचा?

तावातावाने वार्ताहराला फोन केला, वाट्टेल ते बोललो. पोरगा गप्प. मग त्याने पाठवलेली मूळ बातमी व्हॉट्सअ‍ॅप केली. ठराव, बायकांचं बोलणं, समोरच्यांचं म्हणणं, सगळं होतं त्यात. वर जाहिरातीचं टार्गेट पण त्याच्याच डोक्यावर. "दादा, लिहा तुम्ही," म्हणाला. वाईट वाटलं रे. तोही बाबांसारखा ओटीवर बसला होता, पाकीटच पुढे फोडलं गेलं.

पेपरांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी प्रेस कौन्सिल फार तर ताशेरे मारते, दंड नाही की शिक्षा नाही, आणि तिकडे जायचं तरी आधी संपादकाला लिहावं लागतं. तर लिहिलंय. ठरावाची प्रत जोडून उद्या पहिल्या एसटीने स्वतः घेऊन जातोय, ग्रामसभेला होते त्यांनी सह्या करायला आज रात्री देवळात या.