ट्रेमध्ये पाव लिटर

सकाळी चहा होतोय न होतोय तोच एका मित्राची पीडीएफ आली. इंजिन ऑइलच्या बाजाराचा म्हणे 'प्रादेशिक अंदाज'. रंगीत चकत्या, वर चढणारे बाण, पुढच्या सात वर्षांतली वाढ थेट दशांश चिन्हासकट. आणि खाली मित्राची स्वतःची अक्कल: "कसली वाढ! ईव्ही आलं, ऑइलचा धंदा संपला."

पीडीएफवाला आणि मित्र, हे दोघंही कधी ड्रेन नटखाली (जुनं ऑइल इथून खाली सोडतात) ट्रे धरून बसलेले नाहीत, एवढंच मला कळलं.

कारण अकराच्या सुमारास सांगलीत विश्रामबागच्या पुढे एका गॅरेजात एक स्कूटर मेन स्टँडवर उभी होती. फूड डिलिव्हरीवाल्या पोराची, सीटवर तो चौकोनी डबा बांधलेला. तक्रार काय, तर "मामा, गाडी वढंना, आन् वरनं टकटक वाजतंय." मिस्त्रीनं ड्रेन नट सोडला. डांबरासारखी एक बारीक धार आली, चार थेंब टपकले, बस्स. चहाच्या मापात ओतून बघितलं तर जेमतेम पाव लिटर. या गाडीत सातशे मिली घालतात. उरलेलं साडेचारशे कुठं गेलं? कुठं गळती नाही, खाली डाग नाही. पिस्टनच्या रिंगांवरून आणि व्हॉल्व्ह सीलमधून वर जाऊन जळलं. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं की ओलसर काजळी लागते, ती तीच.

"कधी बदललेलं रे?"

"दिवाळीला घातलेलं की मामा."

आज मार्च संपत आला. पोरगं दिवसाला शंभर किलोमीटर फिरतं, महिन्यातले सव्वीस दिवस. म्हणजे चारच महिने धरले तरी दहा हजारांच्या वर. कंपनीच्या पुस्तकात मॉडेलप्रमाणे आकडा वेगळा असतो, पण दर पाच मिनिटाला बंद-चालू होणारी, उन्हात गल्लीबोळ फिरणारी गाडी असेल तर तीन हजारांवर बदलावं, आणि मध्ये पंधराशेला ऑइलची पातळी दाखवणारी दांडी बघावी. त्या हिशोबानं या गाडीला वर्षाला दहा वेळा, म्हणजे सात लिटर ऑइल लागतं. प्रत्यक्षात जातं दोन. उरलेले पाच लिटर कुठल्या चकतीत दाखवलेत, ते त्या पीडीएफवाल्याला विचारा.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्या भागातल्या ऑइलच्या बाजाराचं भविष्य डब्यांच्या विक्रीत शोधू नका. ट्रेमध्ये काय पडतं ते बघा.

त्या पीडीएफमध्ये 'पश्चिम भारत' नावाची एकच चकती. गुजरात, महाराष्ट्र, गोवा सगळं एकाच पाट्यावर वाटलेलं. अहो, मुंबईतल्या नव्या पेट्रोल कारला 0डब्ल्यू-16 लागतं, पाण्यासारखं पातळ. आणि वाळव्यातल्या ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरला घट्ट 15डब्ल्यू-40 नाहीतर 20डब्ल्यू-40. यांची सरासरी काढून काय मिळणार?

ट्रॅक्टरचंच घ्या. पन्नास एचपीच्या इंजिनात सात-आठ लिटर बसतं, बदलायचं दर 250 तासांना. हंगामात दोन ट्रॉल्या लावून ट्रॅक्टर दिवसाला चौदा तास चालतो. 250 तास अठरा दिवसांत संपतात. 120 दिवसांचा हंगाम धरला तर सहा वेळा तरी ऑइल बदलायला हवं, म्हणजे पंचेचाळीस लिटर. होतं काय? हंगामाआधी एकदा आणि मध्ये कधीतरी आवाज बदलला की एकदा. तासांचा मीटर तर बहुतेकांचा बंदच. मधल्या काळात वरून लिटर-लिटर ओततात. त्यानं पातळी भरते, पण जुन्यातली काजळी आणि आम्ल तिथंच राहतं. मग क्रँकचं बेअरिंग गेलं की ऑइलच्या कंपनीला शिव्या. ऊस भरून चढ चढणारा बॅटरीचा ट्रॅक्टर आपल्या भागात कुणी बघितला असेल तर फोटो टाका, मी ही पोस्ट काढून टाकतो.

आता ट्रक. इथं मात्र ऑइल खरंच कमी झालंय, आणि ईव्हीचा त्यात काडीचा संबंध नाही. पूर्वी वीस हजारांवर ऑइल बदलायचे. 1 एप्रिल 2020 पासून धुराचा बीएस-सिक्स नियम आला, त्या इंजिनांना सीके-4 दर्जाचं ऑइल लागतं आणि नव्या गाड्यांचा ऑइल बदलायचा पल्ला ऐंशी हजार, लाखाच्या घरात सांगतात. वर्षाला ऐंशी हजार चालणारा, पंधरा लिटरचा चेंबर असलेला ट्रक पूर्वी साठ लिटर खायचा, आता पंधरा. ट्रक तोच, रस्ता तोच, पंचेचाळीस लिटर गायब. दुकानात त्या जागेवर आता डीईएफच्या (धूर साफ करायला लागणाऱ्या द्रवाच्या) बादल्या रचलेल्या दिसतात. याला कुणी 'धंदा संपला' म्हणत नाही, कारण त्यावर फॉरवर्ड येत नाही.

आणि इथंच लोक माती खातात. बीएस-सिक्स डिझेलमध्ये जुन्या दर्जाचं, स्वस्त सीआय-4 घालतात. "घट्ट आहे, चांगलं असतंय." घट्ट-पातळचा प्रश्नच नाही. जुन्या ऑइलमध्ये राख देणारे घटक जास्त, सीके-4 मध्ये ती एक टक्क्याच्या आत बांधलेली. सायलेन्सरच्या फिल्टरमध्ये काजळी जमते ती रीजनरेशनला, म्हणजे फिल्टर तापवून साफ होतो तेव्हा, जळून जाते, राख जळत नाही. ती साचत जाते आणि एक दिवस फिल्टर चोंदतो. ऑइलमध्ये हजार-दोन हजार वाचवायचे आणि फिल्टरला त्याच्या कितीतरी पट घालवायचे.

बाईकमध्ये उलटा प्रकार. कारचं भारी सिंथेटिक उरलं म्हणून बाईकमध्ये. बाईकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या पातळ ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी औषधं असतात, क्लच प्लेटा घसरतात, रेस वाढते आणि गाडी पुढं जात नाही. बाईकच्या डब्यावर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए2 लिहिलेलं बघा. स्कूटरला एमबी, कारण तिचा क्लच कोरडा. स्कूटरमध्ये एमए पडलं तर आभाळ कोसळत नाही, मायलेज थोडं कमी. बाईकमध्ये एमबी मात्र नको.

थांबा, खरा राग अजून यायचाय.

सुट्टं ऑइल. त्या पोरानं दिवाळीला घातलेलं ऑइल कुठलं होतं माहितीये? कुठल्याशा गाड्यावर बॅरलमधून पंपानं मापात काढून दिलेलं, दीडशे रुपयांत मजुरीसकट. मिस्त्रीनं दोन बोटांत चोळून बघितलं, तेलपणाच नाही, नुसतं काळं पाणी. बॅरलमध्ये काय असतं हे देवाला ठाऊक. बऱ्याचदा जळकं ऑइलच गाळून, धुऊन, रंग देऊन परत येतं. त्यात बेस ऑइल, म्हणजे मूळ तेल, असेलही, पण झीज थांबवणारी आणि काजळी तरंगत ठेवणारी औषधं संपलेली असतात. दोन महिन्यांत त्याचा गाळ होतो, जाळी चोंदते, वरच्या, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमला ऑइल पोचत नाही. ते "वरनं टकटक" त्याचंच. दुसरा प्रकार डुप्लिकेट डब्यांचा. रिकामे डबे भंगारात चांगल्या भावानं जातात, ते कशासाठी? म्हणून सांगतो, डबा रिकामा झाला की तिथल्या तिथं स्क्रू ड्रायव्हरनं भोक पाडा. दोन सेकंदांचं काम. सील, बॅच नंबर, क्यूआर कोड बघायला लाज वाटू देऊ नका. रंग बघून ऑइल ओळखतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, रंग कुणीही घालतं.

जळक्या ऑइलचं आणखी एक. एप्रिल 2024 पासून ऑइल कंपन्यांवर वापरलेलं ऑइल परत गोळा करून शुद्ध करायची जबाबदारी टाकलीय, सुरुवात 5 टक्क्यांपासून. कागदावर छान. इकडे जळकं ऑइल सेंट्रिंगच्या फळ्यांना जातं, वाळवीसाठी लाकडाला जातं, ओढ्यालाही जातं.

मिस्त्री लोकांना शिव्या देणं सोपं आहे. मीही अर्धी पोस्ट तेच करणार होतो. पण ऑइल बदलायची मजुरी म्हणून गिऱ्हाईक पन्नास रुपये देताना पन्नास प्रश्न विचारतं. मग तो डब्यातल्या कूपनवर जगतो. ज्या कंपनीचे पॉइंट जास्त ते ऑइल पुढं. आपल्या भागात ब्रँड टीव्हीवर ठरत नाही, मिस्त्रीच्या मोबाइलमधल्या स्कॅनवर ठरतो. आणि सकाळच्या त्या मिस्त्रीनं कूपनवालं महाग ऑइल न काढता पोराच्या गाडीला जे लागतं तेच काढलं, 10डब्ल्यू-30, एमबी. जुना वॉशर चपटा झालेला, नवीन टाकला, जाळी पेट्रोलनं धुतली. वॉशर आणि जाळीचे पैसे लावले नाहीत.

असो.

वर काय चाललंय तेही बघा. पातळ ऑइलला ग्रुप थ्री, म्हणजे जास्त शुद्ध केलेलं, बेस ऑइल लागतं आणि ते मोठ्या प्रमाणात बाहेरून येतं, कोरिया, आखाती देश. मुंबईत माहुलच्या रिफायनऱ्या बेस ऑइल काढतात, पण नव्या कारला लागतं ते सगळं घरचं नाही. म्हणजे क्रूड चढलं, रुपया उतरला की डब्याची किंमत वाढणार, वर 18 टक्के जीएसटी. लिटर कमी खपेल, पण लिटरचा भाव जुन्या 20डब्ल्यू-40 च्या जवळपास दुप्पट. एक्सॉनमोबिलनं 2023 मध्ये रायगडात इसांबेला ऑइलच्या कारखान्यासाठी नऊशे कोटी जाहीर केले. लुब्रिझॉलनं ऑइलमध्ये घालायच्या औषधांच्या कारखान्यासाठी बिडकीनला 120 एकर घेतली. हे लोक मयताला आलेत का? (दुसरीकडे बीपीनं 2025 मध्ये कॅस्ट्रॉल विकायचा विचार सुरू केला हेही खरं. मान्य.)

त्यात पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल, त्यातलं काही आपल्याच उसाचं. इथेनॉल पाणी धरतं. रोज दोन किलोमीटर जाऊन गाडी बंद करणाऱ्यांनी एकदा ऑइलचं झाकण उघडून आतून बघा. दुधाळ कॉफीसारखी साय दिसली तर पाणी मिसळतंय. इंजिन तापतच नाही, म्हणून ते उडून जात नाही. आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास गाडी सलग पळवा आणि किलोमीटर झाले नाहीत तरी वर्षाला ऑइल बदला.

आता मित्राला एक गोष्ट द्यावीच लागेल, दात-ओठ खाऊन. ईव्हीचा आकडा नुसता गाड्यांत मोजू नका. ऑफिसला जाणारी स्कूटर दिवसाला पंधरा किलोमीटर चालते, वर्षाला फार तर दीड लिटर ऑइल घेते. सकाळच्या त्या पोराची गाडी वेळेवर बदललं तर सात. आणि बॅटरीवर आधी जाणार कोण? ज्याचं पेट्रोल जास्त जळतं तोच. रिक्षाचं तेच होतंय, डिलिव्हरीचंही होणार. शंभरातल्या दहा गाड्या गेल्या तर ऑइल दहा टक्के जाणार नाही, जास्त जाईल. हे त्या पीडीएफमध्ये नव्हतं, मित्राच्या टीपेतही नव्हतं, पण खरं आहे. जे सात लिटर आजवर नीट विकलेच गेले नाहीत ते विकायच्या आधीच जातील, हे जास्त लागतंय.

पोराला विचारलं, बॅटरीची का घेत नाहीस? म्हणाला, "हिचे हप्ते सहा म्हैनं ऱ्हायल्यात."

टकटक ऑइल घातल्यावर निम्मी कमी झाली, पूर्ण गेली नाही. कॅम घासलाय. ब्लॉक-पिस्टनपर्यंत गेलं तर चार-पाच हजारांच्या खाली काम नाही. मिस्त्रीनं त्याला दांडी बघायला शिकवलं: गाडी सपाट जागी मेन स्टँडवर, बंद करून दोन-तीन मिनिटं थांबायचं, दांडी पुसायची, आटे न फिरवता नुसती टेकवायची, काढून बघायची. खालच्या खुणेच्या खाली असेल तर घरी जायचं नाही, इथं यायचं. मग मार्करनं सीटखाली पुढचा आकडा लिहिला, 41,300. पोरगं आकड्याचा फोटो काढून ऑर्डरवर पळालं.