खुलासा: ओझेट गावची माणसं लुप्त झालेली नाहीत

"अमेरिकेत चिखलाखाली अख्खं गाव सापडलं, तिथली जमात कायमची नष्ट झाली" असा मेसेज फिरतोय. गाव खरं आहे, वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावरचं ओझेट. काही शतकांपूर्वी दरड कोसळून तिथली घरं गाडली गेली. ओल्या चिखलात हवा न पोचल्यामुळे लाकडी पेट्या, टोपल्या, अगदी दोरसुद्धा टिकले!

पण जमात नष्ट झालेली नाही. हे मकॉ या मूळनिवासी लोकांचं गाव, आणि दरडीनंतरही विसाव्या शतकापर्यंत तिथे वस्ती होती. १९७० मध्ये वादळाने घरं उघडी पडल्यावर पुरातत्त्वज्ञ रिचर्ड डॉगर्टी यांना मकॉंनीच बोलावलं. निघालेल्या ५५,००० हून अधिक वस्तू मकॉंच्याच निआ बे इथल्या, १९७९ साली उघडलेल्या संग्रहालयाकडे आहेत. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.