पंधरा वर्षांची जीप भंगारात? आधी चेसिसवर हातोडी मारून बघा

बेळगाव जिल्ह्यात खानापूर-जांबोटीपासून निपाणी-चिकोडीपर्यंत कुठल्याही गाडीवाल्यांच्या ग्रुपवर हा मेसेज येऊन गेलेला असतो. मजकूर थोडक्यात असा: पंधरा वर्षं झालेली फोर-बाय-फोर (चारही चाकांना ताकद जाणारी गाडी) कायद्यानंच भंगार; दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला की विकून मोकळं व्हा; एकदा उघडलेलं इंजिन पहिल्यासारखं होत नाही; जुन्या गाड्यांचे पार्ट मिळत नाहीत; आणि नवी घेतली की दहा वर्षं डोक्याला ताप नाही. प्रत्येक वाक्यात खऱ्याचा थोडा अंश आहे, म्हणून मेसेज पटतो. पण गाडी ठेवायची की काढायची हे ज्यावर ठरतं, त्या चेसिसचा, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याचा, यात उल्लेखच नाही. कागदपत्रांचा आहे, तोही चुकीचा. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

"पंधरा वर्षं झाली की कायद्यानं भंगार."

नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपत आली की फॉर्म २५ भरायचा, गाडी आरटीओत दाखवायची आणि पाच वर्षांची मुदतवाढ घ्यायची. पाच वर्षांनी पुन्हा तेच. डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षं ही अट दिल्ली आणि राजधानी परिसराची, केए-२२ (बेळगाव) किंवा केए-२३ (चिकोडी) ची नव्हे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांपुढचं नूतनीकरण बंद झालं ते सरकारी मालकीच्या गाड्यांचं. या दोन बातम्यांची खिचडी म्हणजे हा पहिला मुद्दा.

चारचाकीच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये आहे. गाडी २० वर्षांपुढची असेल तर ऑगस्ट २०२५ मधल्या बदलानुसार १०,०००. हरित कर वेगळा. अर्ज मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत करावा. उशीर झाला तर महिन्याला ५०० रुपयांची भर. दाखवायला नेण्याआधी हँडब्रेक, सगळे दिवे, हॉर्न आणि धूर बघून घ्या. मुख्य म्हणजे चेसिस नंबर वाचता आला पाहिजे. तो गंजाखाली गेला असेल तर तारेच्या ब्रशनं हलक्या हातानं साफ करा, ग्राइंडर लावू नका. आणि आरटीओच्या परवानगीशिवाय नंबर पुन्हा ठोकून घेऊ नका.

कागदांचा खरा घोळ वयात नसतो, सीमेवर असतो. एमएच-०९ (कोल्हापूर) किंवा गोव्याची पाटी असलेली जीप स्वस्तात मिळते आणि तशीच वर्षानुवर्षं इकडच्या शिवारात फिरते. गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात राहणार असेल तर फॉर्म २८ ची एनओसी (ना हरकत दाखला), इथला नंबर आणि इथला रस्ता कर लागतो. हे झालेलं नसेल तर तो खर्च आधी धरा, मग गॅरेजचा.

दुसरा घोळ इंजिनाचा. पेट्रोलच्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवणं आपल्याकडे एके काळी सर्रास चालायचं. आरसी बुकात त्याची नोंद नसेल तर हा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये (मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करायला मनाई करणारं कलम) अडकतो, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकच लावला आहे. आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल अशी गाडी असेल, तर तिच्यावर लाखभर घालू नका. इथे मेसेज बरोबर निघतो, पण भलत्याच कारणानं.

"खर्च किमतीच्या निम्म्यावर गेला की विका."

हा हिशोब मुळात चुकीच्या दोन आकड्यांचा आहे. दुरुस्तीचा खर्च जुन्या गाडीच्या बाजारभावाशी ताडायचा नसतो. तेच काम करणारी दुसरी गाडी आणायला काय पडेल, त्याच्याशी ताडायचा. समजा जीपला आज अडीच लाख येतात आणि गॅरेजवाला एक लाख साठ हजार सांगतोय. नियमाप्रमाणे विकायला हवी. आता १२ लाखांची नवी फोर-बाय-फोर धरा. कर्नाटकात १० ते २० लाखांच्या गाडीला आजीवन कर १७ टक्के, म्हणजे २ लाख ४ हजार, वर उपकर. गाडी शोरूमच्या फाटकातून बाहेर पडायच्या आधीच दुरुस्तीपेक्षा जास्त पैसे करात गेले. १० लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता २१ हजारांच्या आसपास. म्हणजे अख्खी दुरुस्ती आठ हप्त्यांच्या आत बसते.

पण दुरुस्ती कशाची, हे महत्त्वाचं. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, ॲक्सल या बोल्टनं बसवलेल्या वस्तू. काढता येतात, बदलता येतात. चेसिस तशी नाही. कणकुंबी-चोर्ल्याच्या पावसात वापरलेल्या गाडीची चेसिस आतून जाते, कारण लाल माती पेटीसारख्या रेलच्या (चेसिसच्या लांब तुळईच्या) आत शिरून बसते, पाणी निचरायची भोकं बुजवते आणि दिवाळीपर्यंत ओली राहते. वरून रंग चकचकीत, आत पापुद्रे.

तपासायची रीत सोपी आहे. गाडी खालून धुवा, दोन दिवस उन्हात वाळवा. पाव किलोची हातोडी आणि जुना स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खाली झोपा. मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर जिथे रेलला जोडलेत तिथून सुरुवात करा, मग गिअरबॉक्सखालचा क्रॉस मेंबर (दोन रेल जोडणारी आडवी पट्टी), बॉडी माउंट (बॉडी चेसिसवर बसते त्या जागा) आणि शेवटी पुढच्या पाट्यांच्या शॅकलजवळची (झुलत्या कडीजवळची) जागा. चार-चार बोटांवर ठोका. चांगलं लोखंड टण्ण वाजतं. गेलेलं थप्प वाजतं, ओल्या फळीवर मारल्यासारखं, आणि वरून तांबूस चुरा पडतो. थप्प वाजलं तिथे स्क्रू-ड्रायव्हर दाबा. आत गेला तर ते भोक आधीच होतं, तुम्ही पाडलेलं नाही.

रेलच्या उभ्या बाजूला मधोमध एखादं भोक असेल तर तेवढ्याच जाडीची पट्टी लावून ते भरता येतं. पट्टीची टोकं निमुळती, माशासारखी कापून घ्या. चौकोनी तुकडा लावून उभी सरळ वेल्डिंग मारली की पुढची चीर नेमकी त्या वेल्डिंगच्या कडेनं जाते. रेलच्या वरच्या-खालच्या कडांना आडवं वेल्डिंग नको. कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणारं डिझेल इंजिन; या रेलचा चेसिसशी संबंध नाही) गाडी असेल तर वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि ईसीयूचा (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा) कपलर काढा. पाट्यांचे दोन्हीकडचे हँगर थप्प वाजत असतील, किंवा स्टेअरिंग बॉक्स बसवलेल्या जागी रेल फाटली असेल, तर थांबा. तिथे इंजिन कितीही गोड वाजत असलं तरी खर्च करू नये. आणि ओल्या मातीवरूनच खालून डांबर फासून घेणं हा सर्वांत वाईट उपाय. ओल आत कोंडते आणि दोन पावसाळ्यांचा गंज एकातच लागतो.

"उघडलेलं इंजिन पहिल्यासारखं होत नाही."

आधी ते उघडायची गरज आहे का ते बघा. काळा धूर म्हणजे इंजिन गेलं असं नाही. बहुतेक वेळा एअर फिल्टर तुंबलेला असतो, नोझल ठिबकत असतात किंवा पंपाचं सेटिंग हललेलं असतं. सकाळी स्टार्टला निळा धूर येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील. चढावर, भारावर निळा धूर सतत आला आणि ऑइलच्या झाकणातून फुसफुस वाफ आली, तर रिंगा. पांढरा धूर, वर रेडिएटरचं पाणी कमी होतंय, तर हेड गॅस्केट.

धुराचा रंग बघून पैसे मोजू नका, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघून मोजा. इंजिन गरम, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. जिप्सीच्या १.३ पेट्रोलला प्रत्येक सिलिंडरला १४ किलोच्या आसपास दाब हवा. १२ च्या खाली गेला किंवा दोन सिलिंडरमध्ये किलोपेक्षा जास्त फरक आला तर काम निघालं. कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. दाब वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. म्हणजे हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) कामात भागतंय की हाफ इंजिन (पिस्टन-रिंगांचं काम) करावं लागतंय, हे बोल्ट न सोडवताच कळतं. डिझेल इंजिनात असं चमच्यानं ऑइल घालत बसू नका. तिथे जागा इतकी कमी असते की ऑइल जास्त झालं तर पिस्टन अडतो.

केलेलं इंजिन लवकर जातं हे खरं, आणि त्याचं कारण बहुधा इंजिनात नसतं. एअर फिल्टरच्या पुढचा रबरी पाइप काढा, आतून बोट फिरवा. बोटाला रव्यासारखी किरकिर लागली तर उसाच्या रस्त्यावरची धूळ फिल्टर चुकवून आत जातेय. तो चिरलेला पाइप किंवा सैल क्लिप तशीच ठेवून नवीन पिस्टन-रिंगा घातल्या तर त्या पहिल्या उन्हाळ्यातच घासतात. तसंच रेडिएटरचं. तो अर्धा चोंदलेला असेल तर नवीन हेड गॅस्केट चोर्ला घाटात पुन्हा उडणारच. इंजिनाच्या कामाच्या यादीत रेडिएटर, थर्मोस्टॅट, होज आणि एअर पाइप नसतील तर ती यादी अर्धवट आहे.

मशिन शॉपची चिंता बेळगावकरांना नको. उद्यमबागेत फाउंड्री आणि मशिनिंगची परंपरा आहे. बोअर, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग घराजवळ होतं. मात्र क्रमानं करा: आधी क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) मोजून घ्या, पाव मिलिमीटर काढायचा की अर्धा ते ठरवा, मगच त्या मापाच्या बेअरिंगा आणा. आधी बेअरिंगा आणून क्रँक त्यांच्या मापाला नेणारे कारागीर आहेत, त्यांच्यापासून लांब. बसवताना ऑइलच्या वाटा तार आणि हवेनं साफ झाल्या का ते स्वतः उभं राहून बघा. क्रँक घासल्यावरचा बारीक चुरा तिथेच बसतो. पहिल्या ५०० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला. पहिल्या हजारात ट्रॉली ओढायची नाही, आणि गाडी तासभर नुसती उभी चालूही ठेवायची नाही.

"पार्ट मिळत नाहीत."

गाडीवर अवलंबून. महिंद्राचं २५२३ सीसी डिझेल बोलेरोत लाखोंनी रस्त्यावर आहे. मेजर-कमांडरवाल्यांना आणि थार डीआयवाल्यांना किट, नोझल, वॉटर पंप मिळायची अडचण येत नाही. जिप्सीचं उत्पादन थांबलं, पण १.३ इंजिनाचा मारुतीच्या एस्टीम कारशी घरोबा आहे आणि सैन्यात गाड्या भरपूर असल्यानं माल फिरतो. अडतं ते वेगळ्या गोष्टींवर: दारांची रबरं, डॅशबोर्ड, वायरिंग, आणि जुन्या थार सीआरडीईचे (कॉमन रेल डिझेलचे) इंजेक्टर. इंजेक्टर सरसकट चारही बदलू नका. चारही रिटर्न नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडा, इंजिन दोन मिनिटं चालवा. ज्या बाटलीत इतरांच्या दुप्पट डिझेल जमलं, तो गेला.

आणखी एक बिल नेहमी फुगतं, ते ॲक्सलचं. नाल्यातून गाडी काढली, महिन्याभरात गुरगुर सुरू झाली, ऑइल काढलं तर ताकासारखं पांढरट. लगेच "ॲक्सल गेला" म्हणून भाव सांगितला जातो. होतं असं: गरम ॲक्सल थंड पाण्यात बुडतो, आतली हवा आकसते, आणि वरचा ब्रीदर (हवा ये-जा करायचं तोंड) मातीनं बुजलेला असेल तर हवेऐवजी सीलमधून पाणी ओढलं जातं. लवकर लक्षात आलं तर उपाय म्हणजे ऑइल दोनदा बदलणं, सील बदलणं आणि ब्रीदरला हातभर नळी लावून ती वर बॉडीत नेणं. क्राउन-पिनियनचे (ॲक्सलमधल्या मुख्य गिअरचे) दात निळसर किंवा खडबडीत दिसले तरच पुढचा खर्च. ऑइल मात्र योग्य घाला: डिफरन्शियलला (ॲक्सलच्या मधल्या गोळ्याला) जीएल-५ दर्जाचं, आणि पितळी सिंक्रो रिंगांच्या गिअरबॉक्सला जीएल-४. सगळीकडे एकच नव्वद नंबरचं ऑइल ओतलं की दुसऱ्या गिअरला खरखर येते आणि मग गिअरबॉक्सचंही बिल येतं.

"नवी घेतली की दहा वर्षं ताप नाही."

नव्या डिझेलमध्ये डीपीएफ असतो, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी. ती स्वतःला जाळून साफ करते, पण त्यासाठी इंजिन बराच वेळ चांगलं तापावं लागतं. घर ते शिवार, शिवार ते डेअरी, दिवसाला सहा किलोमीटर आणि तेही दुसऱ्या गिअरमध्ये अशी गाडी चालवली की डॅशबोर्डवर दिवा लागतो. त्यावर इलाज म्हणजे आठवड्यातून एकदा हायवेला नेऊन वीसेक मिनिटं एका वेगात चालवणं. काजळी फारच साचली तर शोरूम गाठावी लागते. ज्याचा वापर असा आहे त्यानं नवी घ्यायचीच तर पेट्रोलचा विचार करावा.

पण सुरक्षेच्या मुद्द्यावर मेसेजला आमचा विरोध नाही. जुन्या जीपला एअरबॅग नाही, एबीएस नाही, मागच्या बाकांना धड पट्टे नाहीत. रोज मुलांना घेऊन पुणे-बेंगळूरु हायवेवर जायचं असेल तर इंजिनाचं काम कितीही स्वस्त पडलं तरी ती गाडी त्या कामाची नाही. शेतावर, घाटात, महिन्याला तीन-चारशे किलोमीटर एवढाच वापर असेल तर वर सांगितलेल्या हातोडीवर विश्वास ठेवा.

आणि चेसिस थप्प वाजलीच, तर गाडी रस्त्यावरच्या भंगारवाल्याला नुसती देऊन टाकू नका. आरसी तुमच्याच नावावर राहते, आणि तिचा नंबर उद्या दुसऱ्याच जीपवर फिरू शकतो. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या. तिथे ठेव प्रमाणपत्र मिळतं, त्यावर नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. ते हातात आल्यावर आरटीओत नोंदणी रद्द झाल्याची खात्री करा आणि मगच विमा बंद करा.